तेवीस नंबरचं ठिकाण

ठिकाण

“ही सही तुमचीच न्हवं?”

कागद एकदम माझ्या तोंडासमोर आला. ओल्या हातात धरल्यामुळे त्याची एक कड मऊ पडली होती. मी पुलाखालच्या दगडावर उकिडवी बसले होते. डाव्या हातात काचेची बाटली, उजव्या हातात पिपेट. समोर सारजाबाई भोई गुडघाभर पाण्यात उभी होती.

“माझीच,” मी म्हटलं.

“मग वाचा.”

“सारजाबाई, हातात रसायन आहे. दोन मिनिटं थांबा.”

“थांबते की. आता थांबण्याबिगर काय काम ऱ्हायलंय?”

मी बाटलीला बूच लावलं, हातमोजे काढले आणि कागद घेतला. परवाना देणाऱ्या कार्यालयाची नोटीस होती. खडकेवाडीच्या पुलाखाली गेल्या महिन्यात मेलेले मासे तरंगताना आढळले. आमच्या संस्थेच्या तपासणीनुसार पाण्यात प्राणवायू भरपूर असून पाणी माशांना योग्य आहे. सबब मासे विषप्रयोगाने मेल्याचं दिसतं. भोई मच्छीमार सोसायटीचा परवाना सुनावणी होईपर्यंत स्थगित. सोबत आमचा अहवाल. खाली मी, शैला कारंडे, प्रयोगशाळा सहायक.

“पाण्यात खोट न्हाई म्हंजी भोयात खोट,” सारजाबाई म्हणाली. “आसंच लिवलंय न्हवं?”

“मी तसं लिहिलेलं नाही. मी फक्त पाण्याचं लिहिलंय.”

“त्येंनी तुमच्या पाण्याखाली आमचं लिवलं.”

वर पुलावर मुजावरचाचांनी जीपचा हॉर्न वाजवला. जेवणाची वेळ झाली होती.

वेळ

हे आधीच सांगायला हवं होतं. आरळी नदीवर धरणापासून खाली आमची तेवीस ठिकाणं होती. दर महिन्याला चार दिवस जीप फिरायची. खडकेवाडीचा पूल शेवटचा, म्हणून तेवीस नंबर. जीप सकाळी नऊला संस्थेच्या फाटकातून निघायची, कारण फाटकाचा शिपाई नऊला यायचा. वाटेत चहा. अकरा वाजता पूल. चौदा वर्षं आम्ही या ठिकाणी अकरालाच पोचलो. मासे मेल्याचा फोन सकाळी सातला आला, त्या दिवशीही अकरालाच. नोटीस येईपर्यंत नमुन्याच्या फॉर्ममधला वेळेचा रकाना वाचून बघायची गरज मला कधी वाटली नव्हती.

“म्याडम, येक सांगू?” सारजाबाई नोटीस घडी करून कमरेला खोचत म्हणाली. “येकदा पहाटं या. चूल पेटायच्या आत. आन मंग बगा तुमची बाटली काय म्हनतीया ती.”

“पहाटे जीप मिळत नाही.”

“जीप मिळत न्हाई. आमाला कोरट मिळतंय तेवडं.”

मी बाटल्या पेटीत भरायला लागले. वर्षातले अठ्ठेचाळीस दिवस मी जीपमध्ये घालवत होते आणि माझी कंबर दुखत होती. खरं कारण एवढंच होतं.

परत जाताना मुजावरचाचा म्हणाले, “म्याडम, बाई खोटं बोलत न्हाई.”

“तुम्हाला काय माहीत, चाचा?”

“तुम्ही बाटल्या भरता तेव्हा मी तिच्यासंगं बोलतो. चौदा वर्षं बोलतोय. तुम्ही पाण्याशी बोला, मी माणसाशी.” त्यांनी गिअर बदलला. “जीप आज घरीच नेतो, उद्या पहाटे साडेतीनला काढतो. लॉगबुकात काय लिहायचं ते माझ्यावर सोडा. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, आता मला कोण काय करतंय?”

वास

या रकान्यात आम्ही दर वेळी ‘नाही’ लिहायचो. वास होता.

रंग

पाण्यातला प्राणवायू मोजायची आमची रीत जुनी होती. बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची. तिच्यात एक रसायन, मग दुसरं. बूच लावून उलटीपालटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तांबूस तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर पांढरा. पुढचं मोजमाप प्रयोगशाळेत. पण खरं काय ते तिथं काठावरच डोळ्यांना दिसतं. तेवीस नंबरचा साका नेहमी गडद यायचा, दाट चहासारखा. सगळ्या नदीत सगळ्यात गडद. आमचे प्रमुख टेंभेकर सर म्हणायचे, “आपल्या नदीचा हा सगळ्यात धडधाकट पोरगा.”

त्या पहाटे पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. सारजाबाई आधीच पाण्यात होती. तिनं बोट ओठांवर ठेवलं आणि पुढं दाखवलं.

आधी मला वाटलं, भुरभुर पाऊस पडतोय. पाण्यावर सगळीकडे बारीक वर्तुळं उमटत होती. पाऊस नव्हता. मासे होते. शेकडो. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. काही काठाच्या चिखलाला टेकले होते. मी हात घातला तर एकही पळाला नाही.

“दम खात्यात,” सारजाबाई हळू म्हणाली. “उनं वर आली की पुन्ना खाली जात्यात. ज्येंला दम निघत न्हाई ती मरत्यात. आन मंग तुमी येता.”

मी बाटली भरली. पहिलं रसायन. दुसरं. बूच. उलटी, पालटी.

चाचांनी टॉर्च धरला.

बाटलीत ताक झालं होतं.

पांढरा साका मी त्याआधी फक्त प्रशिक्षणात बघितला होता, मुद्दाम उकळून थंड केलेल्या पाण्याचा. मी दुसरी बाटली भरली. पांढरा. तिसरी. पांढरा. मग मी दगडावर बसून राहिले. सूर्य वर आला, मासे खाली गेले. अकरा वाजता चौथी बाटली भरली. दाट चहा.

हे का, ते मला कळायला अडचण नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात असतं. वरच्या गावांचं सांडपाणी, वरच्या शेतांचं खत, त्यावर माजलेलं हिरवं शेवाळ. ऊन असलं की तेच शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, गरजेपेक्षा जास्त. अंधारात तेच तो पिऊन टाकतं. म्हणजे अकरा वाजता जी नदी सगळ्यात धडधाकट दिसायची, ती पहाटे सगळ्यात आजारी असणार. गडद साका हीच आजाराची खूण होती. चौदा वर्षं मी ती खूण तब्येत म्हणून लिहीत होते.

“काय म्हनती बाटली?” सारजाबाईनं विचारलं.

“तुमचं खरं आहे म्हणते.”

“मंग तसं लिवा की.”

तापमान

“मला माहीत आहे,” टेंभेकर सर म्हणाले.

पंखा बंद होता. वीज गेली होती. त्यांच्या टेबलावर ‘आरळी खोरे : संशोधनाचे अग्रक्रम’ असं लिहिलेल्या तीस फायली रचल्या होत्या. दोन दिवसांनी कार्यशाळा होती. पुढच्या पाच वर्षांत या नदीवर कशाचा अभ्यास करायचा आणि कशाचा नाही, ते त्यात ठरणार होतं. सगळा आधार आमच्या तक्त्यांचा. महिनाअखेर सर निवृत्त होणार होते.

“काय माहीत आहे, सर?”

“पहिल्याच वर्षी लिहिलं होतं मी वर. पहाटेचे नमुने घ्यावेत म्हणून. उत्तर आलं, वाहन कार्यालयीन वेळेबाहेर नेण्याचं प्रयोजन काय? मी प्रयोजन लिहिलं. पुन्हा विचारणा आली, चालकाला बदली सुटी कोण देणार? तेही लिहिलं. तिसऱ्या वेळी नाही लिहिलं.”

“मग?”

“मग अकराचे आकडे यायला लागले. चांगले आकडे होते, कारंडे. एकसारखे, दर महिन्याचे. आकडे येत राहिले की माणसाला वाटतं, काम चाललंय.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “हळूहळू मी विसरलो. विसरलो असंच म्हण.”

“त्या भोयांचा परवाना गेलाय, सर. माझ्या सहीवर.”

“बघितलं मी.”

“मी कार्यशाळेत सांगणार आहे.”

“सांग. पण ऐक. आपल्या आकड्यांवर नऊ नंबरच्या गावाला प्यायच्या पाण्याची वेगळी योजना मिळतेय. चौदा नंबरला नाल्याचं पाणी वळवतायत. तू उठून म्हणालीस की आकडे चुकीचे, तर लोक फक्त तेविसाचे चुकीचे धरणार नाहीत. सगळेच धरतील. ज्यांना ते नको होते, ते आनंदानं धरतील.”

वीज आली. पंखा फिरला आणि वरच्या फायलीचं पान उडालं. सरांनी त्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“मी काय करू ते सांगा,” मी म्हटलं.

“ते मला माहीत असतं तर चौदा वर्षांपूर्वीच केलं असतं.”

हवामान

कृषी महाविद्यालयाचा हॉल. भिंतीवर खाकी कागद, त्यावर एकतीस विषय. त्यातले नऊ निवडायचे. प्रत्येकानं आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या विषयांपुढे पाच लाल ठिपके चिकटवायचे. गावात गोल स्टिकर मिळाले नाहीत, म्हणून मी बांगड्यांच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली होती. पुण्याहून आलेल्या अध्यक्षबाईंनी हसत एक स्वतःच्या कपाळाला लावली.

“म्याडम, ही मतात धरायची का?” पाटबंधाऱ्याच्या एका साहेबांनी विचारलं, आणि हॉल हसला. दिवसभरात लोक तेवढं एकदाच मोकळं हसले.

सव्विसावा विषय : खालच्या टप्प्यातील मत्स्यमृत्यू. चहापर्यंत त्यापुढे दोन टिकल्या. एकोणिसावा : धरणातून नदीत सोडायचे किमान पाणी. तिथं एकच, आणि तीही कुणीतरी घाईनं लावलेली, तिरकी.

“सव्वीस गाळू या,” एक प्राध्यापक म्हणाले. “तक्ता बघा ना. तिथला प्राणवायू अख्ख्या नदीत जास्त आहे. मासे मारले लोकांनी, त्यात संशोधन काय करायचं? पोलिसांचं काम आहे ते.”

“कुणाची हरकत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी कात्री, दोरा आणि टिकल्यांची रिकामी पाकिटं घेऊन भिंतीपाशी उभी होते. मला मताचा हक्क नव्हता. मी हात वर केला. मग सांगितलं, जसं जमलं तसं. पहाट, मासे, पांढरा साका. शेवाळाचं सांगताना माझं वाक्य दोनदा तुटलं.

“म्हणजे सगळ्याच नोंदी अकराच्या?” पाटबंधाऱ्याचे साहेब पुढं सरसावले.

“बाकीच्या वेगवेगळ्या वेळच्या आहेत. पण दिवसाच्याच.”

“वा! मग नऊ नंबरचंही पुन्हा बघायला लागेल म्हणा की!”

अध्यक्षबाई सरांकडे वळल्या. “टेंभेकर, तुमचं काय म्हणणं?”

सर समोरच्या पेल्याकडे बघत होते. “नमुना कधीचा?”

“परवाचा, सर,” मी म्हटलं. त्यांना माहीत होतं.

“एका दिवसाचा?”

“हो.”

“एक दिवस म्हणजे नोंद नव्हे,” सर म्हणाले. “त्यावरून जुनं काही खोडता येत नाही. नवं काही मांडताही येत नाही.”

पाटबंधाऱ्याचे साहेब मागे टेकले. सव्विसावा विषय गळला. नंतर जेवण होतं.

हात धुवायच्या नळापाशी सर माझ्या शेजारी आले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“किती लागतील, ते विचारलं नाहीस,” ते म्हणाले.

“काय?”

“किती दिवस झाले की नोंद होते ते.”

“किती?”

“तीस. सलग. एकही न चुकवता.” त्यांनी रुमालाला हात पुसले. खिशातून किल्ली काढून नळाच्या कठड्यावर ठेवली. “रसायनांच्या कपाटाची. एकतीस तारखेपर्यंत माझ्या नावावर आहे.”

मग ते पंगतीला जाऊन बसले.

नमुना घेणाऱ्याचे नाव

सारजाबाई रखमाजी भोई.

तीस पहाटा मला जाणं शक्य नव्हतं. तिला होतं, ती तशीही तिथंच असायची. मी तीस दिवसांची रसायनं कपाटातून एकदम काढून घेतली आणि तिला एक दिवस शिकवलं. हातमोजे तिला मोठे व्हायचे, तिनं मनगटाला दोरा बांधला. बुडबुडा कसा टाळायचा ते मी सांगायला लागले तर म्हणाली, “पान्याखाली हात चालवाय मला शिकवताय व्हय?”

पावणेसातची एसटी पुलावर थांबायची. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली डब्यात, डबा पिशवीत, पिशवी कंडक्टरच्या हवाली. साडेआठला मी स्टँडवर. कंडक्टर रोज विचारायचा, “ताई, लोणचं का वो?” नऊला फाटक उघडलं की मी आधी मोजमाप करून ठेवायची. मग माझं रोजचं काम सुरू.

पांढरा. पांढरा. पांढरा. किंचित मातकट पांढरा. पांढरा.

बाराव्या दिवशी तपकिरी.

तेराव्या, चौदाव्या, पंधराव्या दिवशीही तपकिरी. चहाइतका गडद नाही, पण मासे सुखानं जगतील एवढा. मी डोकं धरून बसले. सोळाव्या दिवसापासून पुन्हा पांढरा, शेवटपर्यंत.

सव्वीस पांढरे, चार तपकिरी. सुनावणीत कुणीही पहिलं बोट त्या चारांवर ठेवणार हे मला कळत होतं. बाई अडाणी, बाटलीत हवा गेली, सगळंच रद्द करा. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी पुलावर गेले. शिकून चौदा वर्षं नोकरी केलेल्या बाईनं त्या दिवशी जे म्हटलं ते लिहायला अजून जड जातं.

“सारजाबाई, ते मधले चार दिवस आपण दाखवू नये. सव्वीस पुरतात.”

“का?”

“भरताना काहीतरी चुकलं असेल. बुडबुडा राहिला असेल.”

ती जाळ्याची गाठ सोडवत होती. थांबली.

“बुडबुडा न्हाई ऱ्हायला.”

“मग तपकिरी कशा आल्या?”

“मासं खालीच व्हतं त्या दिशी. येक बी वर आला न्हाई.” तिनं गाठ दाताखाली धरली, तोडली. “देवीची जत्रा व्हती वरच्या गावाला. जत्रंच्या आंघोळीला धरनाचं पानी सोडत्यात चार दीस. दर साली सोडत्यात. तुमाला ठावं न्हाई?”

मला ठाऊक नव्हतं. जत्रेच्या आठवड्यात आम्ही जीप काढत नव्हतो, रस्त्याला गर्दी असते म्हणून.

“जे झालं ते समदं पाठवलं मी,” सारजाबाई म्हणाली. “तुमी निवडून घेता व्हय?”

शेरा

सुनावणीत मी दोन कागद दिले. पहिल्यात तीसच्या तीस आकडे होते, त्या चार दिवसांसमोर धरणाच्या चौकीतून आणलेली पाणी सोडल्याची तारीख. दुसरा एका वाक्याचा : खडकेवाडीच्या पाण्याबाबत मी दिलेला अहवाल अपुरा असल्यानं मी तो मागे घेत आहे. अधिकाऱ्यांनी दुसरा कागद दोनदा वाचला. “असं कुणी करत नाही हो सहसा,” ते म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं.

पुढचं थोडक्यात. नऊ नंबरची योजना दोन वर्षं रखडली, फेरतपासणीसाठी. सरांचं खरं होतं. त्या गावातले लोक मला अजून ओळख देत नाहीत. माझी बदली संस्थेच्या ग्रंथालयात झाली. अग्रक्रमांची पुस्तिका छापून आली, तिच्यात नऊ विषय होते आणि त्यांतल्या कशातही मासा नव्हता. मुजावरचाचा निवृत्त झाले, त्या पहाटे काढलेल्या जीपचं काही निघालं नाही. सर पुण्याला मुलाकडे गेले. त्यांनी मला एकदाच पत्र पाठवलं, त्यात हवापाण्याखेरीज काही नव्हतं. या सगळ्याला आता एकोणीस वर्षं झाली.

सोसायटीचा परवाना दीड वर्षानं परत मिळाला. हुकूम घेऊन मी स्वतः खडकेवाडीला गेले, एसटीनं. सारजाबाईला वाचून दाखवला. भोई निर्दोष, मासे प्राणवायूअभावी मेले, वगैरे. मला वाटलं होतं ती हसेल, नाहीतर रडेल. तिनं पदराला हात पुसून कागद घेतला, नातवाच्या दप्तरात सरळ ठेवला आणि मला चहा टाकायला आत गेली.

चहा झाल्यावर आम्ही नदीवर गेलो. तिनं जाळं टाकलं, ओढलं. जाळ्यात कसल्याही पाण्यात तगणाऱ्या, बोटाएवढ्या सात-आठ चिलापी होत्या. बाकी शेवाळ.

“वाम न्हाई, मरळ न्हाई, काय न्हाई,” ती म्हणाली. “परवाना आला. आता ह्या पान्यात मासं परत कशानं येतील, त्ये बी कुनीतरी बगा की म्याडम.”

“माझ्या हातात नाही आता ते, सारजाबाई. मी पुस्तकं लावते.”

“व्हय?” तिनं चिलापी एकेक करून पाण्यात सोडल्या. हात झटकले. “मंग मला त्या बाटल्या तरी देऊन ठिवा. मी हायच की हितं.”